३४ क्रॉयझरचा गवई : मोझार्टच्या स्टारलिंगचं प्रकरण

१७८४ च्या वसंतात व्हिएन्नातल्या मोझार्ट या संगीतकाराने जमाखर्च लिहायचा नेम धरला होता. त्याच्या एकंदर स्वभावात न बसणारा हा नेम फार टिकला नाही. पण त्या वहीतल्या दोन नोंदी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. १ मे: लिलीचे दोन तुरे, १ क्रॉयझर. २७ मे: स्टारलिंग पक्षी, ३४ क्रॉयझर. क्रॉयझर आणि गुल्डन ही तिथली त्या काळची नाणी; ६० क्रॉयझरचा एक गुल्डन, म्हणजे पक्षी अर्ध्या गुल्डनपेक्षा किंचित महाग पडला.

एवढंच असतं तर हे प्रकरण कुणी उकरून काढलं नसतं. पण पक्ष्याच्या नोंदीपाशी मोझार्टने सुरांची एक छोटी ओळ उतरवून ठेवली आणि तिला शेरा दिला: ‘छान होतं!’ ती ओळ त्याची स्वतःचीच होती. सहा आठवड्यांपूर्वी पुऱ्या केलेल्या जी मेजरमधल्या पियानो कॉन्चेर्टोच्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या (के. ४५३; ‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), शेवटच्या भागाचा तो मुखडा. फक्त वहीत उतरलेला मुखडा मूळ मुखड्यासारखा नव्हता. तो पक्ष्याने गायला होता, आणि पक्ष्याने त्यात आपल्या मनाचे फेरफार केले होते.

प्राण्यांच्या आवाजात शास्त्रीय पियानो हा आज विनोदाचा एक हुकमी प्रकार आहे. कोंबड्या क्लक-क्लक करत बेटोव्हेन वाजवतात, बकरी शोपँच्या वरच्या सुरावर किंचाळते, आपण हसतो आणि पुढे जातो. मोझार्टचं प्रकरण या सगळ्याच्या आधीचं आहे, आणि माझ्या मते जास्त गमतीचं. कारण यात प्राणी खरोखर गायला आणि ज्याची चीज त्यानेच समोर बसून ऐकली.

वहीत नेमकं काय आहे

ही नोंद आपल्याला माहीत आहे ती गेओर्ग निकोलाउस निसेनमुळे. निसेन हा मोझार्टच्या विधवेचा, कॉन्स्टान्झेचा, दुसरा नवरा. पहिल्या नवऱ्याचं चरित्र दुसऱ्याने लिहावं हा योग तसा विरळाच, पण कॉन्स्टान्झेकडची कागदपत्रं त्याच्या हाताखाली होती. निसेनच्या मृत्यूनंतर १८२८ साली ते चरित्र छापून आलं आणि पक्ष्याची ओळ त्यात आली.

मूळ मुखडा अगदी साधा आहे. उड्या मारत चालणारा, शिट्टीवर सहज बसेल असा. एकदा ऐकला की दुसऱ्यांदा गुणगुणता येतो. त्यावर मोझार्टने पाच बदलती रूपं रचली आणि शेवटी लय वाढवून ऑपेराच्या शेवटच्या अंकासारखी धमाल उडवून दिली. पक्ष्याने यातला फक्त आरंभीचा तुकडा उचलला. त्यात त्याने दोन गोष्टी केल्या. पहिल्या पूर्ण मात्रागटाच्या शेवटच्या ठोक्यावर तो थांबला, म्हणजे तो स्वर त्याने ताणून धरला, जणू पुढचं आठवत नाहीये. आणि पुढच्या मात्रागटात जिथे ‘जी’ हवा तिथे त्याने ‘जी शार्प’ लावला.

आपल्या कानाने हे ऐकलं तर त्यातली गंमत जास्त कळते. रचना जी मेजरमधली, म्हणजे ‘जी’ हा तिचा षड्ज. पक्षी नेमका त्या षड्जाच्या जागी अर्धा स्वर चढला. सा च्या जागी कोमल ऋषभ! गंधार थोडा चढला, निषाद घसरला, तर मैफलीत चालवून घेतात. बुजुर्ग डोळे मिटून घेतात आणि पुढे जातात. पण षड्ज? अचल म्हणून ज्याची ख्याती, ज्यावर तंबोरा मिळवलेला, तोच हलवायचा म्हणजे धाडस आहे. शिकाऊ मुलाने हे केलं असतं तर गुरुजींनी पेटी बंद केली असती. मोझार्टने ते जसंच्या तसं उतरवलं आणि वर दाद दिली.

ही दाद उपरोधाची होती असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या चुकीची टिंगल करण्यात हा माणूस मागे नव्हता. त्याच्या पत्रांमध्ये इतर वादकांवर मारलेले फटके वाचले तर ते लगेच कळतं. पण इथे त्याने थांबलेली जागा चिन्हासकट लिहिली, चढलेला स्वर शार्पच्या खुणेसकट लिहिला. टिंगल करायची असती तर एक वाक्य पुरलं असतं. शिवाय या दोन चुका नसत्या तर ही ओळ पक्ष्याची आहे असं कुणालाच म्हणता आलं नसतं. मोझार्टने स्वतःचा मुखडा वहीच्या कोपऱ्यात खरडला, असंच सगळे समजले असते. चूक हाच इथे पक्ष्याचा अंगठा आहे.

दुकानातल्या पक्ष्याला ती कळली कशी?

खरा पेच इथून सुरू होतो. मोझार्टने त्याच वर्षी फेब्रुवारीपासून आपल्या रचनांची यादी ठेवायला सुरुवात केली होती. तिच्यात या कॉन्चेर्टोची तारीख १२ एप्रिल १७८४ आहे. रचना त्याने आपली शिष्या बार्बरा प्लोयर हिच्यासाठी लिहिली होती. तिने ती वाजवली १३ जूनला, व्हिएन्नाबाहेर ड्योब्लिंगला झालेल्या मैफलीत. त्या मैफलीला मोझार्ट इटालियन संगीतकार पैसिएल्लोला आपल्या गाडीतून घेऊन जाणार होता. आपल्या रचना आणि आपली शिष्या, दोन्ही त्याला ऐकवायच्या होत्या. पक्षी घेतला २७ मे रोजी. म्हणजे बार्बराने जाहीरपणे वाजवण्याच्या अडीच आठवडे आधी पक्ष्याच्या गळ्यात ती सुरावट होती.

त्यातून मोझार्ट हा कॉन्चेर्टो जपत होता. १५ मे रोजी त्याने चार नवे कॉन्चेर्टो टपालगाडीने वडिलांकडे साल्झबुर्गला पाठवले, त्यात हाही होता. सोबतच्या पत्रात त्याने बजावलं की नकला घरातच बसवून करून घ्या. नकलनवीस इथलेही तसेच आणि तिथलेही तसेच, विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. त्या काळी रचनेची चोरी म्हणजे नकलनवीसाने रात्रीतून जास्तीची प्रत काढून विकणं. इतका बंदोबस्त केल्यावर बारा दिवसांनी पक्षीवाल्याच्या पिंजऱ्यातून आपलीच चाल ऐकू यावी! या प्रसंगाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

खुलासे बरेच सुचवले गेले आहेत. पक्ष्यानेच मोझार्टला चाल सुचवली, ही गोष्ट लोकांना फार आवडते आणि ती सर्वांत कच्ची आहे. रचना एप्रिलमध्येच यादीत चढली होती. पक्ष्याकडून चाल घ्यायची तर मोझार्टने त्याला त्याआधीच ऐकलेलं असायला हवं, आणि तसा काही धागा नाही.

चाल लोकगीतासारखी आहे, ती व्हिएन्नात आधीपासून फिरत असेल आणि दोघांनी वेगवेगळी उचलली असेल, हा दुसरा खुलासा. मुखडा ऐकताना हे पटतं. पण मग मोझार्ट इतका खूश का झाला? कुणाही पक्ष्याने कुठलंही लोकगीत म्हटलं तर माणूस ते वहीत लिहून ठेवत नाही.

तिसरा खुलासा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच विचार करण्यासारखा. खरेदीच्या नोंदीवर तारीख आहे. सुरांची ओळ त्याच दिवशी लिहिली असं धरून चालण्याची गरज नाही. पक्षी घरी आला, मोझार्ट दिवसभर तेच गुणगुणत होता, काही दिवसांनी पक्ष्याने उचललं, आणि त्याने जुन्या नोंदीजवळच्या मोकळ्या जागेत ते टिपलं. वही त्याची होती, जागा होती, लिहिलं.

चौथा खुलासा मेरिडिथ वेस्ट आणि अँड्र्यू किंग या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० साली मांडला. स्टारलिंगला नवी सुरावट उचलायला फार वेळ लागत नाही. मोझार्टला चालता-बोलता गुणगुणायची आणि शिट्टी वाजवायची खोड होती. तो एप्रिल-मे मध्ये त्या दुकानात आधीही गेला असेल, पिंजऱ्यापाशी शिट्टी वाजवली असेल, आणि पुढच्या खेपेला ती परत ऐकली असेल. तसं असेल तर २७ मे ची खरेदी ही खरेदी नव्हे, सुटका होती.

यात आणखी एक धागा जोडावासा वाटतो. पक्षी घेण्याच्या आदल्या दिवशी, २६ मे रोजी, मोझार्टने वडिलांना विचारलं आहे की बी फ्लॅट, डी आणि जी या तीन कॉन्चेर्टोंपैकी तुम्हाला आणि बहिणीला कोणता जास्त आवडतो; तुमचं मत इथल्या सर्वसाधारण मताशी आणि माझ्या मताशी जुळतं का, याची मला उत्सुकता आहे. इथलं सर्वसाधारण मत म्हणजे व्हिएन्नातल्या लोकांनी ही रचना तोवर ऐकलेली होती. २९ एप्रिलला केर्न्टनरटोर नाट्यगृहात मोझार्टची मैफल झाली, तिथे ती वाजली असावी असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. तसं झालं असेल तर चाल महिनाभर शहरात मोकळी होती. शिट्टी मोझार्टचीच असायला हवी असं नाही. श्रोत्यांपैकी कुणाचीही चालली असती, पक्षीवाल्याची सुद्धा.

माझा कौल तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी पडतो. पण मोझार्टने आपल्याच नकलनवीसांवर पहारा बसवला आणि पक्ष्याने मात्र शिट्टीवरून चाल पळवली, ही शक्यता सोडवत नाही हे खरं.

पक्ष्याच्या बाजूने

स्टारलिंग म्हणजे आपल्याला अगदी परका पक्षी नाही. अंगणात भांडणारी साळुंकी त्याच कुळातली, आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावर थव्याने उतरणाऱ्या भोरड्याही त्याच कुळातल्या. माणसासारखी बोलते म्हणून जिचं कौतुक होतं ती पहाडी मैनासुद्धा. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, हे जाता जाता सांगितलेलं बरं.) या कुळात नक्कल करण्याची हौस जबर आहे.

युरोपात पक्ष्यांना गाणी शिकवण्याचा नाद मोझार्टच्या पुष्कळ आधीपासून होता. १७१७ साली लंडनमध्ये खास पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना शिकवायच्या चालींचं पुस्तक छापलं गेलं. त्यात कॅनरी, बुलफिंच यांच्या बरोबरीने स्टारलिंगसाठीही चाली आहेत. फ्रान्समध्ये कॅनरीला चाल घोकून घ्यायला दांडा फिरवून वाजणारी छोटी पेटी मिळायची. म्हणजे मोझार्टचा पक्षी हा चमत्कार नव्हता. गाणारा पक्षी घरात असणं ही त्या काळची साधी चैन होती.

वेस्ट आणि किंग यांनी स्टारलिंगची पिल्लं हाताने वाढवली आणि ती काय उचलतात ते पाहिलं. माणसांत मिसळून, खांद्यावर बसून, घरभर उडून वाढलेले पक्षी माणसांचे आवाज उचलायचे. माणसांचा आवाज नुसता कानावर पडणारे, पण त्यांच्याशी देवाणघेवाण नसलेले पक्षी ते उचलत नव्हते. रेकॉर्ड लावून पक्षी शिकवता येतो या समजाला ही चांगलीच चपराक होती. उचललेला माल कसा वापरायचा हे मात्र पक्षी स्वतः ठरवायचे. एका पक्ष्याच्या पायाला संसर्ग झाला होता; औषधासाठी त्याला हातात घट्ट धरलं तेव्हा तो धडपडत ओरडला, ‘मला एक प्रश्न विचारायचा आहे!’ एका जुन्या लोकप्रिय अमेरिकन गाण्याची पहिली ओळ एक पक्षी रोज शिट्टीवर घ्यायचा, पण नदीच्या नावाच्या अर्ध्यावर येऊन थांबायचा. शिकवणारे ओळ पुरी करून दाखवत राहिले. पक्ष्याने ती कधीच पुरी केली नाही.

इथे मोझार्टच्या वहीतला तो रेंगाळलेला ठोका आठवतो. वाक्य पुरं झालंच पाहिजे ही गरज आपली. स्टारलिंगचं स्वतःचं गाणंच मुळी तुकड्यातुकड्यांचं असतं: आधी शिट्ट्या, मग इकडून तिकडून उचललेले आवाज, मग खटखट, आणि शेवटी वरच्या पट्टीतली किंचाळी. त्यात मोझार्टचा मुखडा हा गिरणीच्या कुरकुरीइतकाच एक तुकडा.

जी शार्पचं काय? स्ट्यूअर्ट हल्स आणि जेफ्री सिंक्स या संशोधकांनी १९८५ च्या सुमारास दाखवलं की चढती सुरावट कोणती आणि उतरती कोणती हे स्टारलिंगला शिकवता येतं, पण तीच सुरावट खूप वरच्या किंवा खालच्या पट्टीत नेली की तो गोंधळतो. आपण भूप काळी एकमध्ये ऐकला काय आणि पांढरी पाचमध्ये ऐकला काय, भूप तो भूप. पक्ष्याला हे नातं आपल्यासारखं पकडता येत नाही. पुढे २०१६ साली मायका ब्रेगमन, अनिरुद्ध पटेल आणि टिमोथी जेंटनर यांच्या प्रयोगांतून असं निघालं की स्टारलिंग स्वराच्या उंचीपेक्षा आवाजाच्या रंगाला, त्याच्या पोताला जास्त धरून असतात. म्हणजे ज्या स्वरासाठी आपण कपाळावर हात मारतो, तो त्याच्या हिशेबात फारसा चुकलेलाच नसावा. आवाजाचा पोत जमला की काम झालं.

याच्या उलट टोकाला १९५५ साल ठेवून पाहावं. कार्ल वाइसमन हा डॅनिश ध्वनिमुद्रक पक्ष्यांचे आवाज टेपवर घेत असे, आणि मधे मधे कुत्री भुंकून ते बिघडवत. त्याने ते भुंकणं कापून काढलं आणि टेपच्या त्या तुकड्यांचा वेग कमीजास्त करून, हवा तो स्वर आला की चिकटवून, नाताळाचं गाणं तयार केलं. ते अमेरिकेत धडाक्यात खपलं. आजच्या कोंबड्या-बकऱ्यांच्या पियानोचा खरा पूर्वज तो; फरक एवढाच की कात्रीचं काम आता संगणक करतो. त्यात प्रत्येक भू-भू अगदी सुरात असते. कुत्र्याला मात्र आपण गायलो याचा पत्ता नसतो. हसू येतं ते जुळवणाऱ्याच्या कारागिरीला. ते पहिल्यांदा ऐकताना मजा येते; तिसऱ्यांदा माझ्याने ऐकवत नाही.

४ जून १७८७

पक्षी मोझार्टकडे तीन वर्षं राहिला. त्या काळात घरं बदलली: ग्राबेनवरचं, मग स्टेफान कॅथेड्रलच्या मागचं ऐसपैस, मग १७८७ च्या एप्रिलमध्ये पैशांच्या ओढाताणीत लांडश्ट्रासेवरचं स्वस्तातलं. पक्षी सगळीकडे बरोबर. ४ जूनला तो मेला. मोझार्टने बागेत त्याचं दफन केलं, मित्रांची मिरवणूक काढली आणि स्वतः रचलेली कविता म्हटली: इथे एक लाडका वेडा पहुडला आहे, ऐन उमेदीत त्याला मरणाची चव घ्यावी लागली, वाचकहो, तुम्हीही एक टिपूस गाळा, वाईट नव्हता, जरा जास्तच उनाड होता इतकंच.

तारखेमुळे हा प्रसंग अनेकांना टोचतो. मोझार्टचे वडील लेओपोल्ड २८ मे रोजी साल्झबुर्गला गेले होते. मोझार्ट त्यांच्या अंत्यविधीला गेला नाही, आणि आठवड्याभराने पाखराचा अंत्यविधी मात्र थाटात केला. यावरून त्याला निष्ठुर ठरवणारे आहेत, आणि पक्ष्याच्या आडून तो वडिलांसाठी रडला असं म्हणणारेही आहेत. पहिल्या मंडळींनी त्या काळच्या रस्त्यांचा विचार करावा: बातमी टपालगाडीने व्हिएन्नात येईपर्यंत साल्झबुर्गचं दफन उरकलेलं असणार. दुसऱ्या मंडळींबद्दल मी काही बोलत नाही. त्या कवितेत मला तरी पक्षीच दिसतो.

बेसूर मैफल

दहाच दिवसांनी, १४ जून १७८७ रोजी, मोझार्टच्या यादीत ‘संगीताची गंमत’ (के. ५२२) चढली. दोन हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठीची ही रचना मुद्दाम बिघडवलेली आहे. मिन्युएटमध्ये, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या भागात, हॉर्न भलतेच स्वर लावतात. संथ भागात व्हायोलिन एकट्याने तान घेत वर चढतं आणि जिथे उतरायला नको तिथेच जाऊन पोचतं. अखेरच्या क्षणी सगळे एकेका पट्टीत घुसतात: हॉर्न एफमध्ये, पहिलं व्हायोलिन जीमध्ये, दुसरं ए मध्ये, व्हिओला ई फ्लॅटमध्ये, बास बी फ्लॅटमध्ये. धडाम, समाप्त.

ही अर्धवट संगीतकारांची चेष्टा आहे असं पूर्वापार समजलं जातं. वेस्ट आणि किंग म्हणाले, नीट ऐका: लांबत जाणारी दिशाहीन वाक्यं, मधेच दुसरी चाल, अचानक बंद पडणं, हे स्टारलिंगचं गाणं आहे, ही मेलेल्या पक्ष्याला वाहिलेली दाद आहे. कल्पना इतकी गोड आहे की तिला नाही म्हणणं जिवावर येतं. पण ॲलन टायसन या अभ्यासकाने मोझार्टच्या कागदांचे जलचिन्हांवरून काळ लावले, आणि त्यात या रचनेचा काही भाग पक्षी जिवंत असतानाच लिहायला घेतलेला निघाला. तेव्हा श्रद्धांजली बाद.

ती बाद झाल्यावर उरतं ते मला जास्त पटतं. रचना हळूहळू लिहिली जात होती आणि त्या सगळ्या काळात तो पक्षी घरात होता. मोझार्ट पियानोवर बसला की पलीकडून मधे बोलत असणार, अर्ध्यावर थांबत असणार, षड्ज हलवत असणार. बेसूर कसं गातात याचा नमुना त्याला विचार करून शोधावा लागला नसेल. आणि अर्धवट संगीतकारांची टर उडवताना त्याने पिंजऱ्यातल्या गवयाकडून एखादी जागा उसनी घेतली असेल, तर तो हिशेब फिटलाच म्हणायचा: पक्ष्याने आधी त्याचा मुखडा घेतला होता.